सभेची मर्यादा आणि सभासदाचा शब्द
(अर्धापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



 आमच्या आयुष्याची बहुतेक वर्षे शाळेतील मुलांसमोर बोलण्यात गेली. त्या श्रोत्यांना मध्येच उठून जाण्याची सोय नव्हती. आपणांस ती आहे आणि तरीही आपण बसला आहात, हा आपला मोठेपणा होय.

निमंत्रणपत्रिकेत आमचा विषय ‘समाजसंघटन’ असा छापला आहे. या विषयावर दरवर्षी भाषणे होतात, टाळ्याही पडतात. आज आम्ही संघटनाच्या एकाच बाजूविषयी बोलणार आहोत. ही बाजू दिसावयास लहान आहे. परंतु गेल्या वर्षभरात तिने आपल्या घराघरांत कडवटपणा आणला आहे. सभेत कोणी आणि कोणत्या मर्यादेत बोलावे, व बोलणाऱ्यास थांबविण्याचा अधिकार कोणी, कोणत्या नियमाने वापरावा, हा तो प्रश्न होय.

पूर्वी आपली सभा वर्षातून एकदा भरत असे. आता ती अहोरात्र भरलेली असते. मोबाइलवर आपल्या समाजाचा जो ग्रुप आहे, ती सभाच नव्हे काय? अर्धापूर, नांदेड, लातूर येथील घरे त्यात आहेत, तशीच पोटापाण्यासाठी पुण्यास किंवा हैदराबादेस गेलेली मुलेही आहेत. सोयरीक, निधन, परीक्षेचे निकाल, वर्गणी, सारे तेथेच कळते. मात्र या सभेस अध्यक्ष नाही, कार्यक्रमपत्रिका नाही आणि वेळ संपल्याची घंटाही नाही. आहे तो केवळ ॲडमिन. त्याच्या बोटाच्या एका स्पर्शाने माणूस सभेत येतो आणि दुसऱ्या स्पर्शाने बाहेर जातो.

गेल्या वर्षी या सभेत दोन प्रसंग घडले. आपणांपैकी पुष्कळांस ते ठाऊक आहेत; नावे घेण्याचे कारण नाही. पहिला असा, की एका तरुण सभासदाने वधू-वर मेळाव्याच्या वर्गणीचा हिशेब मागितला. भाषा थोडी उद्धट होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि प्रश्न उद्धट नव्हता. रात्री दहा वाजता त्याने प्रश्न विचारला आणि सकाळी पाहतो तो त्याचे नाव ग्रुपमधून नाहीसे झालेले! कारण कोणी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. दुसरा प्रसंग त्यानंतर दोन महिन्यांनी घडला. आपल्याच समाजातील एका मुलीच्या चारित्र्याविषयी कोणा वजनदार गृहस्थाने अत्यंत हीन मजकूर टाकला. तो मजकूर दोन दिवस तसाच राहिला. मुलीच्या वडिलांनी हात जोडल्यावर तो काढला गेला. परंतु टाकणारा आजही सभेत सन्मानाने नांदतो आहे.

बंधुभगिनींनो, जे ठेवावयाचे ते आपण काढले आणि जे काढावयाचे ते ठेवले. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण आपण लहानपणी पाठ केली होती. म्हातारपणी तिचा अर्थ कळला.

शाळेत आम्ही वर्गाबाहेर जाताना वर्गनायकास खडू देऊन सांगत असू, की गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही. परत येऊन पाहावे तो फळ्यावर ठराविकच चार नावे. वर्गनायकाच्या मित्राचे नाव त्या फळ्यावर आम्ही कधी पाहिले नाही. तो मुलगा वाईट नव्हता. दोष आमचा होता. आम्ही त्यास खडू दिला, नियम दिला नाही. ‘गडबड’ म्हणजे काय, हे त्यास सांगितलेच नव्हते. आपल्या ॲडमिनविषयीही आम्ही हेच म्हणू. तो बिचारा बिनपगारी सेवा करतो, रात्री-अपरात्री शिव्या खातो. त्यास दुष्ट ठरविण्यासाठी आम्ही उभे नाही. आपण त्याच्या हाती खडू दिला, नियम दिला नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ करता!” परंतु आपण मराठवाड्याचे लोक आहोत. शब्दास पहारा बसला म्हणजे काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखला जाणारा हुकूम होता. सार्वजनिक सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. शब्द उच्चारण्यापूर्वीच त्याचा निवाडा होत असे. अशा स्थितीत १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये, मुक्तीचा दिवस महिन्याभरावर आला असता, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने ते लिहीत. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. १७ सप्टेंबरला आपण दरवर्षी ध्वजवंदन करतो, तेव्हा त्या हाताचेही स्मरण व्हावयास पाहिजे.

निजामाच्या हुकमाची आणि मोबाइलवरील ग्रुपची तुलना आम्ही करीत नाही. तसे करणे त्या हुतात्म्यांचा अपमान ठरेल. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणाचे जे स्वातंत्र्य दिले, ते मुख्यतः सरकारविरुद्ध दिले आहे. खाजगी मंडळास आपले नियम करण्याची मुभा आहे. परंतु सवय तीच असते. न आवडणारा प्रश्न ऐकला की प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी विचारणाऱ्यास दूर करावे, ही बुद्धी राजवाड्यात जशी उपजते तशी घरच्या ओसरीवरही उपजते.

ओसरीवरील भांडणाचे एक थोर उदाहरण आपल्या मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात आहे. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, तेव्हा त्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. बालविवाहासारख्या प्रश्नांवर त्यांची मते त्यांच्या सहकाऱ्यांस, विशेषतः टिळकांस, मानवेनात. अशी मते ‘केसरी’त कितपत यावीत, यावरून मित्रामित्रांत वाद माजला. अखेर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि १८८८ मध्ये स्वतःचे ‘सुधारक’ पत्र काढले. पुढे दोन्ही पत्रांत कडाक्याचे वाद झाले. प्रसंगी ते व्यक्तिगतही झाले. तथापि आगरकर १८९५ साली वारले, तेव्हा ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

या उदाहरणावरून कोणी असे म्हणेल, की ज्यास आपला ग्रुप पटत नाही त्याने दुसरा काढावा. येथेच आम्हांस थांबून विचार करावासा वाटतो. पुण्यात दुसरे पत्र काढता येत होते. वाचकांस दोन्ही विकत घेता येत होती. आपल्या तरुणाने दुसरा समाज कोठून काढावा? त्याच्या बहिणीची सोयरीक, आजोबांच्या निधनाची वार्ता, धाकट्या भावाच्या शिष्यवृत्तीची माहिती, सारे या एकाच सभेत आहे. ज्या सभेस पर्याय नाही, त्या सभेचे दार अधिक रुंद असले पाहिजे. वृत्तपत्राच्या संपादकापेक्षाही आपल्या ॲडमिनची जबाबदारी या दृष्टीने मोठी आहे.

जातीच्या सभेतून माणूस काढणे या कृतीस आपल्याकडे एक जुने नाव आहे: वाळीत टाकणे. ही प्रथा थांबावी म्हणून मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अंमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. ग्रुपमधून नाव काढले म्हणजे लगेच बहिष्कार झाला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या तरुणाच्या आईने आम्हांस विचारले, “गुरुजी, आम्हांला वाळीत टाकलं का?” कायद्याच्या पुस्तकात काय आहे, हे त्या माउलीस सांगून उपयोग नव्हता. तिला जे वाटले, ते आपल्या वागण्यातून वाटले होते.

आमचे ॲडमिनबंधू म्हणतात, “उद्या कोणी भलते लिहिले तर पोलीस आम्हांस धरतील.” ही भीती अगदीच निराधार नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरावरून अटक झाली होती, हे आपणांस स्मरत असेल. परंतु माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरविले. पुढे मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात असे म्हटले, की सभासदाने आक्षेपार्ह मजकूर टाकला एवढ्यावरून ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही; त्या कृत्यात त्याचाही समान हेतू असल्याचे दिसले पाहिजे. तेव्हा भीतीपोटी सर्वांचीच तोंडे बंद करण्याचे कारण उरलेले नाही. साप समजून भुई धोपटू नये.

तर मग सभेस मर्यादाच नको काय? अवश्य हवी! आपल्या अर्धापूरच्या केळीच्या बागांकडे पाहा. बुंध्याभोवती पिले फुटू लागली, की शेतकरी विळा घेऊन ती कापतो. न कापावी तर घड पोसत नाही. परंतु शहाणा शेतकरी एक जोमदार पील राखतो, कारण पुढचा खोडवा त्यावरच यावयाचा असतो. विळा नको म्हणणाऱ्याची बाग रान होते आणि सगळीच पिले कापणाऱ्याची बाग एका घडातच संपते. मुलीविषयीचा तो हीन मजकूर तत्काळ कापावयास हवा होता. हिशेब मागणारा तरुण राखावयास हवा होता. उद्याचे मंडळ त्याच्यासारख्यांवरच उभे राहावयाचे आहे.

म्हणून या सभेपुढे आम्ही पाच नियम विचारार्थ ठेवतो. पहिला: काय चालणार नाही, ते आधी लिहून सर्वांस कळवावे. शिवीगाळ, स्त्रियांची निंदा, खोटी वार्ता, अन्य जातिधर्मांविषयी द्वेष, हे चालणार नाही. मंडळाच्या कारभारावरील टीका मात्र चालेल, इतकेच नव्हे तर तिला उत्तर मिळेल. दुसरा: दोष भाषेचा असेल तर भाषा सुधारावयास सांगावे, मतासाठी कोणास काढू नये. तिसरा: काढण्यापूर्वी एकदा ताकीद द्यावी, आणि काढल्यास कारण सभेत सांगावे. चौथा: ज्याच्या कारभारावर प्रश्न आहे, त्याने त्या प्रश्नाचा निवाडा करू नये; ॲडमिन तीन असावेत, त्यांत एक भगिनी व एक तरुण असावा, आणि पदाधिकारी शक्यतो नसावा. पाचवा: काढलेल्या सभासदास वार्षिक सभेपुढे आपली बाजू मांडता यावी. पाचामुखी परमेश्वर असतो, असे आपण म्हणतो. मग पाचांपुढे जाण्याची वाट बंद का करावी?

आता एक शेवटची गोष्ट सांगून आम्ही आपले स्थान घेतो. ज्या सकाळी त्या तरुणाचे नाव नाहीसे झाले, त्या सकाळी आम्हीही तो ग्रुप पाहिला होता. प्रश्न योग्य आहे, हे आम्हांस कळत होते. तो मुलगा एके काळी आमच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसत असे आणि गणितातील आमची चूक न भिता दाखवीत असे. त्याबद्दल आम्ही त्याची पाठ थोपटली होती. पण त्या सकाळी ‘उगाच वाईटपणा कशाला’ असे म्हणून आम्ही मोबाइल खिशात ठेवला. लहानपणी ज्या धिटाईस आम्ही शाबासकी दिली, तीच धिटाई त्याने मोठेपणी दाखविली, तेव्हा आम्ही गप्प बसलो. त्यास बाहेर घालविणारे बोट एकाचे होते. परंतु गप्प बसलेल्यांत आमचाही समावेश होता, हे आम्ही या व्यासपीठावरून कबूल करतो.

आमची अध्यक्षमहाराजांस नम्र विनंती आहे, की त्या तरुणास आजच सभेत परत घ्यावे आणि त्याने मागितलेला हिशेब याच स्मरणिकेत छापावा. हिशेब चोख असेल, तर मंडळाची शोभा वाढेल. त्यात चूक निघाली, तर ती सुधारता येईल. आणि त्या मुलीच्या वडिलांची क्षमा मंडळाने मागावी.

 ज्यांना आमचे म्हणणे पटले नसेल, त्यांनी येथेच उभे राहून तसे सांगावे. आम्ही ऐकावयास बसलो आहोत.