डॉक्टर शेजारच्या खोलीत असताना

मागच्या एपिसोडनंतर खूप जणांनी एकच प्रश्न पाठवला. "ताई, तू अमेरिकेत त्या मान-पाठ कटाकट मोडणाऱ्या डॉक्टरकडे काम करायचीस ना? मग तुला येतं का ते?"

नाही येत. आणि येत असतं तरी केलं नसतं, कारण कॅलिफोर्नियात लायसन्स नसताना ते करणं गुन्हा आहे.

मी तिथे दोन वर्षं कायरोप्रॅक्टिक असिस्टंट होते. त्या राज्याच्या नियमांत ३१२ नंबरचं कलम आहे. लायसन्स नसलेल्या माणसाने निदान करायचं नाही, विश्लेषण करायचं नाही आणि ॲडजस्टमेंट, म्हणजे रीलमध्ये दिसतो तो 'कट्'वाला भाग, करायचा नाही. कॉलेजातून पास झालेला पण अजून लायसन्स न मिळालेला पदवीधरही यात बिनलायसन्सचाच धरतात! मग आम्ही काय करायचं? पेशंटला आधीची माहिती विचारून लिहायची. सल्लामसलत मात्र डॉक्टरनेच करायची. डॉक्टर जागेवर हजर असताना काही तपासण्या करायच्या. डॉक्टरच्या देखरेखीखाली शेक द्यायचा, करंटचं मशीन लावायचं. एक्स-रे काढायला तर वेगळं परमिट लागतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण शेकाचंच घ्या. गरम पाण्याच्या टाकीतला तो पॅक साधारण ७० डिग्री सेल्सियसच्या वर असतो. मध्ये टॉवेलचे सहा ते आठ थर लागतात. डायबेटिसने पायाची संवेदना गेलेला माणूस भाजेपर्यंत "ठीक आहे" म्हणत राहतो. त्यामुळे थर मोजण्याइतकंच समोरच्याकडे बघणंही आलं.

आता तो शनिवार सांगते. शनिवारी आमच्याकडे मरणाची गर्दी. मुलाकडे राहणारे एक मराठी आजोबा कंबरेसाठी यायचे. मध्ये दोन महिने आलेच नव्हते. डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटबरोबर. तिथूनच आवाज आला, "मागच्यासारखंच, तू सुरू कर." फाइलमध्येही तेच लिहिलेलं: कंबरेला करंट, पंधरा मिनिटं.

मी पॅड हातात घेतले आणि म्हटलं, "आजोबा, पालथे झोपा."

ते म्हणाले, "पालथं नको गं पोरी, इथे अजून दुखतंय." आणि डाव्या खांद्याच्या हाडाखाली हात ठेवला.

"काय झालं?"

"अगं, ते पेसमेकर बसवलं ना."

माझ्या हातातले पॅड तसेच राहिले. पेसमेकर असलेल्या माणसाला ते मशीन लावायचं नाही, हे मला ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी दार ठोठावून डॉक्टरला बाहेर बोलावलं. त्यांनी मशीन बंद करायला सांगितलं आणि आजोबांच्या हार्टच्या डॉक्टरकडे फोन लावला. मला म्हणाले, "बरं झालं विचारलंस."

पण खरं सांगू? मी विचारलंच नव्हतं. आजोबांनी आपणहून सांगितलं, आणि तेही मी मराठी बोलले म्हणून. माझ्या जागी दुसरी मुलगी असती तर ते बिचारे दात-ओठ खात पालथे झोपले असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टरवर रागही आला होता, नाही कशाला म्हणू. पॅड लावायचं काम त्यांनी मला दिलं, ते नियमात बसत होतं. पण "मागच्यासारखंच चालेल" हे कुणी ठरवलं? त्यांनी पेशंटला बघितलं नव्हतं. मी बघत होते, पण ठरवायचा अधिकार मला नव्हता. म्हणजे ठरवलं कुणीच नाही, फाइलने ठरवलं. काही झालं असतं तर बोर्डापुढे लायसन्स त्यांचं होतं, पण बटणावर बोट माझं असतं.

सोमवारी मी त्यांना हे जसंच्या तसं बोलून दाखवलं. घाबरतच! वाटलं, नोकरी जाणार. ते थोडा वेळ गप्प बसले, मग फॉर्मवर सगळ्यात वर एक ओळ आली: मागच्या भेटीनंतर काही नवीन? ऑपरेशन, औषध, पडणं, प्रेग्नन्सी? उत्तर 'हो' आलं की मी पॅड खाली ठेवायचे आणि डॉक्टरने खोलीत येऊन स्वतः बघायचं. शनिवारी यामुळे उशीर व्हायला लागला. लोक घड्याळाकडे बघायचे, एक-दोघांनी तर वैतागून दुसरं क्लिनिक धरलं.

आजोबा मात्र येत राहिले. खुर्चीत बसून नुसता शेक घ्यायचे. दारातूनच मोठ्याने सांगायचे, "आज नवीन काही नाही गं!" तरी मी विचारायचेच.