फवारणी पंप व मोबाईलसाठी सौर पॅनेल निवडताना
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपली वस्ती गावापासून लांब, शिवारात असेल तर चार्जिंगची अडचण मी सांगायला नको. हरभऱ्यावर घाटेअळी वाढलेली, औषध कालवून तयार, आणि अर्ध्या एकरात पंपाची बॅटरी उतरली तर तो दिवस वाया जातो. अळी आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून बरेच जण लहान सौर पॅनेल घेतात. पण घेताना किंमत पाहतात, वॅट पाहत नाहीत.

आधी गरज मोजा. वॅट म्हणजे पाण्याची धार आणि वॅट-तास म्हणजे हौदात साठलेले पाणी, असे समजा. फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असते. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॅट-तास. चार्जिंगमधील घट धरून १२५ लागतील असे समजा. मोबाईलची बॅटरी ५००० मिलीअँपिअर-तासांची असेल तर ती सुमारे १९ वॅट-तासांची झाली. घटीसह २५ धरा.

आता पॅनेल किती देईल ते पाहू. स्वच्छ उन्हाच्या दिवसांत आपल्याकडे पूर्ण क्षमतेचे सुमारे ५ तास धरता येतात. त्यातही उष्णता, धूळ व तारांमुळे घट होते, म्हणून ७० टक्केच हिशेबात घ्या. १० वॅटचे पॅनेल दिवसाला ३५ वॅट-तास देईल. त्यावर एक मोबाईल भागतो. पंप रोज रिकामा होत असेल तर ४० वॅटचे हवे, त्यातून १४० मिळतात. माझ्या मते पंपासाठी ४० वॅटचे आणि मोबाईल व विजेरीसाठी १० वॅटचे वेगळे, ही जोडी सोयीची पडते. पावसाळ्यात मात्र हा हिशेब लागू पडत नाही. ढगाळ दिवशी उत्पादन निम्म्याच्याही खाली जाते.

पॅनेलवर छापलेला आकडा खरा की खोटा, हे दुकानातच टेपने तपासता येते. चांगल्या प्रतीच्या पॅनेलचा एक चौरस फूट कडक उन्हात जेमतेम १८ ते २० वॅट देतो. एवढ्याच आकाराच्या पॅनेलवर ५० वॅट लिहिले असेल तर ते खाली ठेवा. बाजारात पाठीवर तळहाताएवढी सौर पट्टी बसवलेली पॉवर बँकही मिळते. ती पट्टी वॅट-दीड वॅटची असते. २०,००० मिलीअँपिअर-तासांची बँक तिच्यावर भरायला पंधरवडा लागेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

१२ व्होल्टचे पॅनेल बॅटरीला थेट जोडू नका. मोकळ्या पॅनेलचा दाब २१-२२ व्होल्टपर्यंत जातो आणि बॅटरी खराब होते. मध्ये चार्ज नियंत्रक हवाच. बॅटरीवर कमाल चार्जिंग प्रवाह छापलेला असतो, त्याहून जास्त प्रवाह जाईल असे मोठे पॅनेल जोडू नये. पंपात लिथियम बॅटरी असेल तर नियंत्रकही लिथियमसाठीचाच घ्यावा.

मोबाईल थेट पॅनेलवर लावला की ढग आडवा आल्यावर चार्जिंग तुटते. त्यापेक्षा दिवसा साधी पॉवर बँक भरून घ्या व रात्री तिच्यावर मोबाईल लावा. बँक किंवा मोबाईल उन्हात ठेवू नका. पॅनेलच्या मागे, सावलीत ठेवा.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला व उतार १८ ते २० अंशांचा असावा. झाडाखाली मांडू नका. त्यातील घट एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी एकूण उत्पादन बरेच घटते. आठवड्यातून एकदा सकाळी, पॅनेल थंड असताना, ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्या. फवारणीच्या दिवशी पॅनेल वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, शेतापासून दूर ठेवा, म्हणजे औषधाचे तुषार काचेवर बसणार नाहीत.