वेष्टन सोडा, ग्रंथ उघडा



कारंजा (लाड) १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. तेथील जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांतील हस्तलिखिते श्रावकांनी पिढ्यान्पिढ्या वेष्टनांत जपली. परंतु जपणे म्हणजे वाचणे नव्हे. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी ती पाने वाचली. पुष्पदंत व कनकामर यांची अपभ्रंश काव्ये संपादून छापली. १९३९ मध्ये त्यांनीच संपादिलेला षट्खंडागमाचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे एकूण सोळा खंड निघाले. अशी कामे परीक्षेच्या धाकाने होत नाहीत, वाचनाच्या गोडीने होतात.

आज समाजातील मुलामुलींना उत्तम वाचता येते; पण परीक्षा संपली की पुस्तक मिटते. तेही एक वेष्टनच! पालकांनी रोज अर्धा तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवून स्वतः पुस्तक हाती घ्यावे. मुलांना गोष्ट, प्रवासवर्णन, विज्ञानकथा, जे आवडेल ते निवडू द्यावे. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नयेत. जैन परंपरेने स्वाध्यायाला अभ्यंतर तपात स्थान दिले आहे. ज्याला वाचनाचा आनंद लाभला, त्याला हे तप जड जात नाही.

जय जिनेंद्र!