सणाचे दिवस आणि मनाचे आरोग्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला साजेसा एखादा साहित्याचा वा इतिहासाचा विषय मी निवडावा अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु श्रावण सरत आला आहे, गल्लोगल्ली मंडपांचे वासे उभे राहू लागले आहेत आणि अशा वेळी ज्याविषयी घराघरांत मौन पाळले जाते तोच विषय मांडावा असे मला वाटले. सण आला म्हणजे माणसाने आनंदित असलेच पाहिजे, हा आपला अलिखित नियम आहे. ज्याला तो पाळता येत नाही, त्याचे काय होते?

बेळगावात सणांची हौस मोठी. लोकमान्यांच्या प्रेरणेतून इथे रुजलेला सार्वजनिक गणेशोत्सव आजही गल्लीच्या अभिमानाचा विषय आहे आणि विसर्जनाची मिरवणूक रात्र उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. या उत्साहाला नाके मुरडण्यासाठी मी उभा नाही. वर्षभर एकमेकांशी अबोला धरलेले दोन भाऊ आरतीला शेजारी उभे राहतात, ही गोष्ट कोणत्याही औषधाच्या तोडीची आहे. तरीही याच दिवसांत घरातील कोणी कोपऱ्यात गप्प बसलेले असते, आणि ‘सणासुदीचे तोंड पाडून बसू नकोस’ एवढेच आपण त्याला सांगतो.

यातील सर्वांत मोठे दुःख वियोगाचे. ज्या घरातील माणूस वर्षाच्या आत गेलेले असते त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. आप्त आणि शेजारी मात्र फराळाचे ताट पाठवितात. ही रूढी मला फार शहाणपणाची वाटते. तिने शोकग्रस्त घराला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, आनंदाचे सोंग न आणण्याची मुभा. आणि दुसरी, आपण एकटे पडलेलो नाही याची खूण. आज ताटांची जागा भ्रमणध्वनीवरील शुभेच्छांनी घेतली आहे. शंभर जणांना एकाच वेळी धाडलेले ते दिव्यांचे चित्र शोकाच्या घरीही जाऊन पोहोचते आणि पाठविणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आणखी एक. अशा घरी गेल्यावर गेलेल्या माणसाचे नाव काढू नये, असा एक समज आपल्यात आहे. मला तो पटत नाही. ‘अण्णा असते तर आज मखर त्यांनीच बांधले असते’ हे वाक्य कोणी उच्चारले, तर घरातल्यांचे डोळे भरून येतील हे खरे. पण ते नाव मनात दाबून दिवसभर वावरण्याचा ताण उतरेल हेही तितकेच खरे.

विधवेच्या वाट्याला तर वियोगाबरोबर वर्ज्यताही येते. हळदीकुंकवाच्या दिवशी ती स्वयंपाकघरात राबते आणि बैठकीच्या वेळी आत थांबते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे, आपल्यापासून फार लांब नाही. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ठरावाने रूढी एका रात्रीत जात नाही. परंतु पुढच्या हळदीकुंकवाला एका बाईला हाताला धरून बैठकीत आणण्यास कोणत्याही ठरावाची आवश्यकता नाही.

आता थोडे वैद्यकशास्त्राकडे वळतो. नाताळच्या दिवसांत आत्महत्या वाढतात अशी पाश्चात्य देशांत लोकसमजूत आहे. आकडेवारी मात्र तसे दाखवीत नाही. अमेरिकेत डिसेंबर हा या बाबतीत कमी संख्येच्या महिन्यांपैकी एक ठरतो. सणाआधी संख्या घटते आणि सण सरल्यावर काही काळ वाढते, असे अनेक ठिकाणी आढळले आहे. हॉवर्ड गॅबेनेश या समाजशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये याला ‘भंगलेल्या वचनाचा परिणाम’ म्हटले. सण काहीतरी बदलेल असे वचन देतो आणि ते पुरे होत नाही. तेथील निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण आपल्या घरांतील अनुभव काय सांगतो? पुण्याला नोकरीस असलेला मुलगा चार दिवस येऊन जातो, आणि बस सुटल्यानंतरची संध्याकाळ त्या वृद्ध मातापित्यांना सणापूर्वीच्या एकटेपणापेक्षा जड जाते. फोन करायचा तो त्या संध्याकाळी करावा.

झोपेचा प्रश्न याहून गंभीर आहे. ज्यांना उन्माद आणि नैराश्य यांचे आलटून पालटून झटके येतात, त्यांच्या बाबतीत दोनतीन रात्रींचे जागरणही उन्मादाचा झटका ओढवू शकते. मिरवणुकीत सलग नाचणाऱ्या मुलाला घरचे ‘उत्साही’ म्हणतात, आणि चौथ्या दिवशी त्याची बडबड, उधळपट्टी, चिडखोरपणा पाहून घाबरतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हा त्यातील मूळ नियम, आणि ठरावीक दिवशी बारापर्यंतची सवलत शासन देऊ शकते. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी त्याकडे पोलिसांचा जाच म्हणून न पाहता शेजारच्या रुग्णाची गरज म्हणून पाहावे.

उपवासाचेही तसेच. लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी आणि मीठ घटले की रक्तातील औषधाचे प्रमाण वाढते आणि ते विषारी ठरू शकते. म्हणून हरतालिकेचा निर्जळी उपवास करू इच्छिणाऱ्या भगिनीने, ती हे औषध घेत असेल तर, आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. सणात गोळी नको, पाहुण्यांसमोर नको, असे म्हणून औषध परस्पर थांबविणे हा तर नेहमीचा प्रकार.

पैशाच्या चिंतेबद्दल फार बोलत नाही. ती सर्वांच्या परिचयाची आहे. वडगाव-शहापूरच्या विणकराने विणलेली साडी दुसऱ्याच्या घरी सणाला नेसली जाते आणि त्याच्या स्वतःच्या घरी खरेदीसाठी भिशी फुटण्याची वाट पाहावी लागते. देण्याघेण्यातील चढाओढ सधनांनी आधी सोडावी, कारण गरिबाला ती एकट्याने सोडता येत नाही.

२०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून होते. या सभागृहातील दहा माणसांमागे एक असे मोजून पाहावे. शेजारी धारवाडला १८४५ सालापासूनचे मनोरुग्णालय आहे. आज ती शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था आहे. १४४१६ हा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा विनाशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. कोणी ‘जगावेसे वाटत नाही’ असे बोलून दाखविले, तर त्याला एकटे न सोडता त्याच्याशेजारी बसून आपणच तो क्रमांक लावावा.

शेवटी शिक्षकांसाठी एक विनंती. आपल्याकडे मोठी सुट्टी दसऱ्याला आणि दिवाळीला चार दिवस; शाळा भरली की फळ्यावर निबंधाचा विषय येतो, ‘मी साजरी केलेली दिवाळी’. वर्गात एखादा असा असतो की ज्याचे वडील त्या रात्री पिऊन आले, किंवा ज्याची आई मागच्या वैशाखात गेली. तो मुलगा शेजाऱ्याच्या वहीतील आकाशकंदील स्वतःच्या घरी लावतो आणि दहापैकी सात गुण मिळवितो. यंदा त्या विषयाच्या जोडीला दुसरा एखादा विषय ठेवावा, आणि जो मुलगा तो दुसरा विषय निवडील त्याची वही घरी नेऊन सावकाश वाचावी.