पंप घरात आहे, औषध छातीत गेलं का?

सावद्याहून आम्ही बोलतो आहोत, बचत गटाच्या बाया. एरवी आम्ही कर्ज, हप्ते, पापड-कुरडया यांवर बोलतो. आज धापेवर आणि दम्यावर बोलायचं आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. पण ही गोष्ट आम्हाला गटाच्या वहीतच सापडली, म्हणून सांगायला बसलो.

मागच्या थंडीत वर्षाचा हिशेब जुळवत होतो. एका वहिनींच्या नावावर एकाच वर्षात तीन वेळा अंतर्गत कर्ज निघालं. कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द होता, 'आजारपण'. त्यांच्या सासूबाईंना धाप लागायची. मध्यरात्री गाडी करायची, मोठ्या गावाला न्यायचं, तीन-चार दिवस ऑक्सिजन आणि सलाईन, मग घरी. महिना-दोन महिने बरे जायचे की पुन्हा तेच. आम्ही तिन्ही वेळा पैसे वेळेवर दिले आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. पण मावशी औषध घेतात कसं, हे आमच्यातल्या एकीनंही विचारलं नव्हतं.

मग आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो. मावशींनी उशाखालून कॅप्सूलची डबी काढली. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाण्यासोबत गिळायच्या. "सांगितलं तसंच घेते ना मी, एक दिवस चुकवत नाही," म्हणाल्या. आणि खरंच त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. त्या कॅप्सूल होत्या ओढून घ्यायच्या, पोटात घ्यायच्या नव्हत्याच. ज्या छोट्या यंत्रात कॅप्सूल घालून पावडर ओढायची, ते यंत्र नातवाच्या खेळण्यांत पडलेलं होतं. म्हणजे वर्षभर औषध पोटात जात राहिलं आणि छाती कोरडीच राहिली.

वहिनी रडायला लागल्या. "मीच तर हातात पाण्याचा पेला देत होते." त्यांना दोष कसा देणार? सुट्टीच्या दिवशी बिलाची घाई, पिशवी हातात पडली, आत इंग्रजीतला कागद. घेऊन दाखवा, असं कुणीच म्हटलं नाही. कॅप्सूल दिसली की माणूस गिळणारच.

त्यानंतर आम्ही सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांना बैठकीला बोलावलं आणि निरोप दिला की घरात ज्यांचा पंप आहे त्यांनी तो घेऊन या. काय काय निघालं! कुणाचा पंप रिकामा, कुणी झाकण न काढताच दाबायच्या, कुणी उघड्या तोंडासमोर अत्तरासारखा फवारायच्या. एक काकू तर पंप कधीच हलवत नव्हत्या. का, तर आतला गॅस फुटेल! आम्ही हसलो, मग आमच्यातल्याच एकीचा पंप वर्षापूर्वी मुदत संपलेला निघाला, तेव्हा हसणं थांबलं.

सिस्टरांनी आधी काही शिकवलं नाही. एकेकीला म्हणाल्या, "तुम्ही घरी कसा घेता, तसा घेऊन दाखवा." मग चुकलं तेवढंच सुधारलं आणि पुन्हा करून घेतलं. आम्हाला ही रीत फार आवडली. "समजलं का?" असं विचारलं की बाई मान हलवते. करून दाखवा म्हटलं की खरं काय ते दिसतं.

आता नीट ऐका, कारण दोन यंत्रांच्या दोन उलट्या रीती आहेत. दाबायचा गॅसचा पंप असेल तर आधी चांगला हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट मिटून हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि तेव्हाच एकदा दाबायचं. श्वास सावकाश पूर्ण आत घ्यायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. दुसरा दाब द्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पुन्हा हलवून. कॅप्सूलच्या पावडरीचं यंत्र असेल तर मात्र श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण पावडर तुमच्या ओढीनेच आत जाते. त्या यंत्रात फुंकर कधीच मारायची नाही, ओल लागली की पावडरीच्या गुठळ्या होतात. ओढून झाल्यावर यंत्र उघडून बघा. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा.

म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला दाबणं आणि ओढणं एकदम जमत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर मिळतो, पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. औषध आधी त्यात थांबतं, मग चार-पाच साध्या श्वासांत आत जातं. एका वेळी एकच दाब. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यायचा, फडक्याने पुसायचा नाही. घासलं की प्लास्टिक औषध स्वतःकडे ओढून धरतं.

हा पंप आला कुठून, हेही त्या दिवशी कळलं. अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं वडिलांना विचारलं होतं, केसांना मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का येत नाही? त्यातून १९५६ साली दाबायचा पंप बाजारात आला. आपल्याकडे अजून म्हणतात, पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही. मुलीचं लग्न ठरेपर्यंत तिचा पंप कपाटात लपवणारी घरं आम्ही सावद्यातच पाहिली आहेत.

बहुतेकींच्या घरी दोन औषधं असतात आणि खरी गफलत तिथंच होते. एक लगेच मोकळं करणारं, एक रोज घ्यायचं. लगेच मोकळं करणाऱ्यानं पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, म्हणून माणूस त्याच्यावरच भिस्त ठेवतो. रोजच्या औषधानं त्या क्षणी काहीच वाटत नाही, ते आतली सूज हळूहळू उतरवतं. म्हणून बरं वाटलं की तेच आधी बंद पडतं. दम्याच्या उपचाराची जगभर मानली जाणारी मार्गदर्शिका २०१९ पासून सांगते आहे की दम्याला नुसत्या लगेच मोकळं करणाऱ्या पंपावर राहू नये. स्टेरॉइडचं नाव ऐकून घाबरणाऱ्या बाया आमच्या गटात पुष्कळ आहेत. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात पांढरा थर येत नाही. भीती बाळगायचीच असेल तर जुनी चिठ्ठी दाखवून आपल्या मनाने गोळ्या आणायची बाळगा.

कोजागरीला खिरीतून दम्याचं औषध देतात, मृगाला हैदराबादला जिवंत माशातून देतात. आमच्या ओळखीची माणसं दोन्हीकडे जाऊन आली आहेत. जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही. एवढंच म्हणतो, जाताना पंप पिशवीत ठेवा आणि आल्यावर बंद करू नका.

मावशींनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. मग छाती का गेली? चाळीस वर्षं पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा धूर घेतला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एका ब्रिटिश डॉक्टरांसोबत याच विषयावर लिहिलं होतं, की सीओपीडी हा विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होतो आणि चुलीचा धूर त्याचं मोठं कारण आहे. घरात गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून पाणी तापवायला चूलच. आणि भरीत काट्यांवर भाजलेलंच हवं, मांडे खापरावरचेच हवेत! तेही खरंच. मग चूल अंगणात काढा आणि ज्यांना धाप आहे त्यांना तिच्यापाशी बसवू नका.

रात्री धाप लागली तर आडवं करू नका. बसवा, पुढ्यात उशी घ्या, दोन्ही हात त्यावर टेकवून थोडं पुढे वाकू द्या. नाकाने श्वास घेऊन शिट्टी वाजवल्यासारख्या ओठांतून सावकाश सोडायला लावा. भोवती गर्दी करू नका. लगेच मोकळं करणारं औषध किती वेळा द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच मराठीत लिहून घ्या आणि कागद भिंतीला लावा. माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, गुंगी येत असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन लावा. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर आकडा वाढवावा म्हणून आपल्या हाताने प्रवाह वाढवू नका. सीओपीडीच्या पुष्कळ पेशंटना बोटावरच्या मशीनवर ८८ ते ९२ इतकाच ऑक्सिजन ठेवायला डॉक्टर सांगतात. जास्त दिल्यानं गुंगी चढू शकते. आणि त्या मशीनजवळ चूल, शेगडी, उदबत्ती काही नको.

आणखी एक. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर दमाच असेल म्हणून बसू नका, थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत.

मावशी आता यंत्रातून औषध घेतात. पहिले पंधरा दिवस वहिनी समोर बसून बघायच्या, आता नातू बघतो आणि आजीला दहा आकडे मोजून देतो. धाप पूर्ण गेलेली नाही, छातीचं जे नुकसान झालं ते भरून येणारं नाही. पण या थंडीत रात्रीची गाडी अजून करावी लागलेली नाही आणि वहिनींनी जुन्या कर्जाचे दोन हप्ते आगाऊ भरले.

गटाच्या वहीत आम्ही एक रकाना वाढवला आहे. 'आजारपण' लिहिलं की पुढे लिहायचं, कोणता आजार, औषध घेऊन दाखवलं का, कुणी पाहिलं. येत्या बैठकीला सिस्टर पुन्हा येणार आहेत. घरातले पंप, यंत्रं, स्पेसर, रिकामे असले तरी घेऊन या, आणि ज्यांना चालवतं त्या पेशंटनाही सोबत आणा.