दूध भट्टीवर, पोरं चहावर
(येरमाळा इथं तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कळंब-भूम पट्ट्यात दुधाला तोटा नाही. पण ते पहाटेच डेअरीला नाहीतर खव्याच्या भट्टीवर जातं. साधारण 5 लिटर म्हशीचं दूध आटलं की किलोभर खवा. त्यावर घरं चालतात, त्याला माझी हरकत नाही. पण घरात उरतं ते फक्त चहापुरतं!

तुमच्यातले बरेच जण पोलीस भरतीची तयारी करताहेत. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. 60 किलोच्या माणसाला रोज 50 ग्रॅम प्रथिनं लागतात, घाम गाळणाऱ्याला त्याहून जास्त. अर्धा लिटर दुधात 16 ग्रॅम, दोन अंड्यांत 12. उरलेली डाळ-भाकरीतून. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे, पण एवढी बेरीज जमते. त्यासाठी हजारोंचा पावडरचा डबा कशाला?

दूध पचत नसेल तर दही खा, विरजणात दुधातली साखर कमी होते. रमजानमध्ये सहरीला चहा-बिस्किटाऐवजी दही-भाकरी घ्या, इफ्तारला भज्यांआधी ताक.

आणि मागे बसलेल्या अम्मींना एक विनंती. दुधाचा पेला मुलाला आणि चहा मुलीला, हे आपल्या बऱ्याच घरांत चालतं. कॅल्शियम दोघांनाही रोज 1000 मिलिग्रॅमच लागतं आणि भरतीचं मैदानही दोघांना एकच. उद्या डेअरीला दूध घालण्याआधी लिटरभर काढून ठेवा आणि दोन्ही पेले सारखे भरा.