एक शाळा, अनेक आवारे



एका शाळेच्या इयत्ता निरनिराळ्या आवारांत भरविण्याचा प्रश्न बहुधा जागेच्या टंचाईतून उद्भवतो. परंतु कोणती मुले कोणाशेजारी बसून शिकतात, हा त्याहून मोठा प्रश्न त्यात दडलेला असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली नगराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेथे सातवी ते नववीच्या तीन शाळा होत्या. वस्तीप्रमाणे प्रवेश मिळत असल्यामुळे बरबँक शाळेत बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय, तर गारफील्ड शाळेत बहुसंख्य गोरी असत. १९६४ साली शिक्षण मंडळाने नगरातील नववीची सर्व मुले बरबँकच्या आवारात आणली; सातवी-आठवीचे वर्ग गारफील्ड व विलर्ड येथे ठेवले. नववीचा भेद त्यामुळे एकदम मिटला, कारण दुसरी नववी उरलीच नाही. या निर्णयास तीव्र विरोध झाला. मंडळाच्या सदस्यांना परत बोलाविण्यासाठी त्याच वर्षी मतदान घेण्यात आले. परंतु मतदारांनी त्यांना पदावर कायम ठेवले. पुढे १९६८ साली बालवर्ग ते तिसरी टेकडीकडील शाळांत व चौथी ते सहावी सखल भागातील शाळांत, अशी प्राथमिक वर्गांचीही वाटणी झाली. प्रवासाचा भार त्यामुळे दोन्ही वस्त्यांतील मुलांवर आला, हे विशेष.

अशा विभागणीस किंमतही द्यावी लागते. मुलाला एक शाळा अधिक बदलावी लागते, भावंडे दोन दिशांना जातात आणि मागील इयत्तेतील उणिवा ठाऊक असलेला शिक्षक दुरावतो.

आपल्या देशात १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने हा धोका ओळखला आहे. शाळेत पुढील इयत्ता नसल्यास मुलाला अन्य शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. केंद्राच्या नमुना नियमांत पाचवीपर्यंत एक व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर धरले आहे. मात्र वाटेत ओढा वा घाट असेल, तर तीन किलोमीटरही मुलींचे शिक्षण खंडित करण्यास पुरेसे ठरतात.

म्हणून इयत्ता वेगळ्या करण्यापूर्वी वाट पायी चालून पाहावी, पालकांची सभा घ्यावी, दोन्ही आवारांतील शिक्षकांच्या संयुक्त बैठका ठरवाव्यात आणि नव्या शाळेत पोहोचलेल्या मुलांची नावानिशी मोजणी करावी. इमारती दोन झाल्या तरी जबाबदारी एकच राहिली पाहिजे.